सहा मिनिटे आणि साडेचार तास

'लकवा मारला' म्हणजे दैवाचा फेरा, अशी समजूत आपल्याकडे अद्याप पुरती गेलेली नाही. वैद्यकाने ती केव्हाच खोटी ठरविली आहे. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबली असेल, तर ती गुठळी विरघळविणारे औषध उपलब्ध आहे. मात्र ते सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच द्यावे लागते. रक्तवाहिनी फुटली असेल, तर तेच औषध जिवावर बेतते. बाहेरून पाहता दोन्ही रोगी सारखेच दिसतात. म्हणून आधी मेंदूचे चित्र आणि मग औषध, हा क्रम अटळ आहे.

रक्तस्राव आहे की नाही, हे सी. टी. स्कॅन काही मिनिटांत सांगतो. परंतु रक्तपुरवठा तुटलेला भाग आरंभीच्या तासांत त्यात पुष्कळदा उमटत नाही, एम. आर. आय. तो दाखवितो. शिवाय रात्री धडधाकट निजलेला माणूस पहाटे लुळा होऊन उठला, तर आघाताची वेळ कोण सांगणार? अशांपैकी काहींना एम. आर. आय.च्या आधारे निवडून औषध दिल्यास लाभ होतो, हे २०१८ साली युरोपातील चाचणीने सिद्ध केले. अडचण होती ती वेळेची. पीटर मॅन्सफील्ड यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या जलद चित्रणपद्धतीचा पुढे विकास झाला आणि २०१४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी आवश्यक ती चित्रे सहा मिनिटांत घेऊन दाखविली. उपचाराविना दर मिनिटास सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, हा अंदाज ध्यानी घेतला म्हणजे या बचतीचे मोल कळते.

पण नागपूरचा प्रश्न येथेच संपत नाही. मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स यांच्याकडे सारा विदर्भ आशेने पाहतो. 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत केलेली पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथे दर सात मृत्यूंपैकी एक पक्षाघाताचा होता आणि त्यांतील बहुसंख्य रोगी घरीच दगावले होते. गडचिरोलीहून नागपूर दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. जो यंत्रापर्यंत पोहोचलाच नाही, त्याला सहा मिनिटांचा काय उपयोग?

म्हणून जलद एम. आर. आय. नको, असे मात्र नव्हे. तो हवाच, पण साखळीचा शेवटचा दुवा म्हणून. जिल्हा रुग्णालयात रात्रंदिवस सी. टी. चालावा, तेथेच औषध मिळावे, आणि निर्णय सी. टी.वर होत असेल तर पुढच्या चित्रासाठी ते रोखू नये. १०८ रुग्णवाहिकेने रोगी येण्यापूर्वीच वर्दी द्यावी. मोठ्या रुग्णालयांत पक्षाघाताच्या रोग्यास एम. आर. आय.च्या रांगेत उभे करू नये. तंत्रज्ञ रात्रीही हजर असावा. आणि तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे ही लक्षणे शाळाशाळांतून शिकविली जावीत.

यंत्र विकत घेता येते. वेळ विकत घेता येत नाही. शासनाने हिशेब मांडावा तो यंत्रांच्या संख्येचा नव्हे, तर घरच्या उंबरठ्यापासून सुईच्या टोकापर्यंत गेलेल्या मिनिटांचा.