वातानुकूलनाचा पट्टा

उन्हाळा तोंडावर आला कीं मोटार असलेल्या घरांत एक तक्रार हमखास ऐकूं येते : "गार हवा येत नाहीं." पंखा चालतो, वाराहि येतो, पण तो वैशाखांतला. अशा वेळीं गृहस्थ आंतला वायु संपला असें अनुमान करतो आणि गाडी दुरुस्तीच्या दुकानीं धाडून मोकळा होतो. आमचें म्हणणें एवढेंच कीं, धाडण्यापूर्वीं पुढचें झांकण उघडून एकदां पट्टा पाहावा. प्रत्यक्ष समोर असतां अनुमानाच्या मागें लागणें हें न्यायशास्त्रासहि संमत नाहीं.

गार हवेचें मूळ यंत्र म्हणजे कॉम्प्रेसर. त्यास स्वतःची गति नसते. इंजिनाच्या फिरत्या कप्पीवरून एक रबरी पट्टा त्याच्या कप्पीवर आणलेला असतो आणि त्या पट्ट्याच्या बळावर तें फिरतें. इंजिन चालूं आहे तोंवर बहुतेक गाड्यांत पट्टा व कप्पी सदैव फिरतच असतात. बटण दाबलें म्हणजे विद्युच्चुंबक पुढील तबकडीस कप्पीशीं जखडतो, 'टक्' असा आवाज होतो आणि कॉम्प्रेसर कामास लागतो. म्हणून पौष-माघांत गार हवा लावली नाहीं तरी पट्ट्याची झीज चुकत नाहीं. अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें १९३९ सालीं पुढील वर्षाच्या मोटारींसाठीं वातानुकूलन विक्रीस काढलें, त्यांत हा चुंबकाचा सांधा नव्हता. गार हवा कायमची बंद करावयाची तर इंजिन थांबवून, झांकण उघडून, पट्टाच उतरवून ठेवावा लागे ! आज ज्या कामास आपण कचरतों तें त्या काळीं मोटारीच्या धन्यास ऋतु पालटला कीं करावें लागे.

आमच्या घरच्या गाडीस बरींच वर्षें झालीं आहेत. गेल्या चैत्रांत तिची गार हवा बंद पडली. एका दुकानांत "कॉम्प्रेसर गेला, नवा घालावा लागेल" असें सांगण्यांत आलें, आणि जो आंकडा सांगितला तो ऐकून आमचे धाकटे बंधु घटकाभर बोललेच नाहींत. त्यांच्या सूनबाई गणिताच्या पदवीधर. त्यांनीं झांकण उघडून पाहिलें व म्हणाल्या, "मामंजी, बटण दाबल्यावर टक् असा आवाज येतो आहे, पण कप्पी जागची हलत नाहीं. पट्टाच नाहीं तिथें."

"मग मिस्त्रीला बोलावूं."

"बोलवा हवें तर. पट्टा आणून दिलात तर मीहि बसवीन."

"घरच्या सुनेनें का हात काळे करायचे ?"

"साबण आहे कीं, मामंजी."

यावर बंधु आमच्याकडे पाहूं लागले. आमचा कौल सूनबाईंच्या बाजूस पडला. लेखणी धरणाऱ्या हातास मान आणि पान्हा धरणाऱ्या हातास मजुरी, ही विभागणी आपल्यासारख्या घरांतून पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. तिच्यामुळें मुलें गतिशास्त्राचीं प्रमेयें घडाघड सोडवितात, पण चाक बदलावयाचें झालें कीं रस्त्यावर उभीं राहून दुसऱ्याची वाट पाहतात. भोजराजाच्या नांवावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या अकराव्या शतकांतील ग्रंथांत यंत्रविधानास एक आखा अध्याय दिला आहे. राजाला यंत्रांविषयीं लिहिण्यांत कमीपणा वाटला नाहीं. (त्यांत मोटार शोधण्याचा मोह मात्र वाचकांनीं आवरावा.)

पण उत्साहापूर्वीं विवेक हवा. आपल्या गाडींत पट्टे किती व कोणता कशाचा, हें आधीं गाडीच्या पुस्तिकेंत पाहावें. कांहीं गाड्यांत गार हवेचा पट्टा निराळा असतो. तो तुटला तर घाम येईल, एवढेंच. पुष्कळ नव्या गाड्यांत मात्र एकच लांब पट्टा वीज उत्पन्न करणारा आल्टरनेटर, कॉम्प्रेसर, आणि कित्येकदां इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप, या सर्वांस फिरवितो. तो तुटला, समोर बॅटरीचा तांबडा दिवा लागला, उष्णतेचा कांटा चढूं लागला, तर गाडी तशीच दामटूं नये. इंजिन जायबंदी होईल. इंजिनाच्या बंद कवचाआड जो टायमिंगचा पट्टा असतो, त्यास तर घरीं हातच लावूं नये. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत कॉम्प्रेसर विजेवर फिरतो, तेथें पट्टा नाहीं. नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसल्या तर झांकण मिटून घ्यावें.

पट्टा जाग्यावर असेल तर तो पारखावा कसा ? जुन्या तऱ्हेच्या रबरास वय झालें म्हणजे भेगा पडत. हल्लीं ईपीडीएम नांवाचें रबर वापरतात. त्यास भेगा सहसा पडत नाहींत, तें मुकाट्यानें झिजतें. कंगोरे बारीक झाले, खांचा रुंदावल्या, पाठ चकाकूं लागली, कीं दिवस भरले असें समजावें. बटण दाबतांच किंचाळल्यासारखा आवाज येणें ही सैलपणाची खूण. त्यावर साबण किंवा पावडर लावण्याची युक्ति कित्येक करतात. आवाज राहतो, पण कारण तसेंच राहतें.

नव्या पट्ट्यावर '४ पीके ८५०' असें कांहीं छापलेलें असतें. ४ ही कंगोऱ्यांची संख्या, पीके हा त्यांचा प्रकार, ८५० ही मिलिमीटरांतील लांबी. जुन्याचे आंकडे पुसट झाले असल्यास पुस्तिका पाहावी. अंदाजानें आणूं नये.

इंजिन पुरतें निवूं द्यावें. किल्ली काढून खिशांत ठेवावी आणि बॅटरीचें ऋण टोंक सोडवावें, कारण कांहीं गाड्यांत थंड करणारा विजेचा पंखा इंजिन बंद असतांहि एकाएकीं फिरूं लागतो. अंगठ्या, कांकणें, उपरणें, ओढणी, सर्व दूर. गाडी उचलावी लागल्यास केवळ जॅकवर विसंबून तिच्याखालीं हात घालूं नये, भक्कम घोडी द्यावी. वायूच्या नळ्यांना पान्हा लावूं नये. त्यांतील वायु दाबाखालीं असतो आणि पट्ट्यासाठीं त्या उघडण्याचें कारणच नाहीं.

जुन्या पट्ट्याच्या मार्गाचें छायाचित्र आधीं काढून ठेवावें. ताण देणाऱ्या कप्पीचा मधला नट सैल करून, शेजारचा लांब बोल्ट फिरविला कीं पट्टा ढिला पडतो. दुसरा पट्टा आड येत असेल तर तो अगोदर उतरवावा लागतो. नवा घालण्यापूर्वीं प्रत्येक कप्पी हातानें फिरवून पाहणें हा सर्व कामाचा गाभा आहे. खरखर लागली किंवा कप्पी अडखळली तर पट्टा आपोआप तुटला नाहीं, त्याला तोडण्यांत आलें आहे ; कप्पीचें बेअरिंग बदलल्यावांचून घातलेला नवा पट्टाहि त्याच वाटेनें जाईल. आमच्या गाडींत ताणाची कप्पी खरखरत होती. सूनबाईंनीं तीहि आणविली, म्हणून एका संध्याकाळचें काम दोन दिवस चाललें.

पट्टा चढवितांना प्रत्येक कंगोरा आपल्या खांचेंत बसला आहे ना, हें बोटानें चांचपावें. एक खांच चुकली तरी कडा उसवतात. ताण पुस्तिकेंतील मापाप्रमाणें द्यावा. फार ताणल्यास बेअरिंगें रडतात, ढिला ठेवल्यास पट्टा. कांहीं गाड्यांतील पट्टा स्वतःच ताणणारा असतो, त्यास बसविण्याचें हत्यार वेगळें. पेचकसानें तो रेटूं नये. मग हत्यारें मोजून घ्यावीं, इंजिन चालूं करून दुरून पाहावें. आठ-पंधरा दिवसांनीं ताण पुन्हा तपासावा, कारण नवा पट्टा थोडा बसतो. आमच्या बंधूंनीं ती तिथि दिनदर्शिकेवर स्वतः लिहून ठेविली होती, आणि त्या दिवशीं सकाळीं झांकणहि त्यांनींच उघडलें.