टॉर्क : वहीतला आणि चाकातला

'टॉर्क म्हणजे बल गुणिले अंतर' हे परीक्षेत किती वेळा लिहिलंय आपण! दिवाळीच्या सुट्टीत सिडकोतल्या घरी बाबांच्या जुन्या मारुती ८०० च्या मागच्या चाकाचा ॲक्सल नट बदलायला घेतला. आवळताना पान्याला अर्धा मीटर पाईप लावला आणि चक्क त्यावर उभा राहिलो. बाबा ओरडले, "अरे, आटे जातील!" कॉन्व्हेंटमुळे मला 'थ्रेड' ठाऊक, 'आटे' नाही. गेलेच.

नंतर हिशेब केला. वजन ६० किलो, म्हणजे जवळजवळ ३०० न्यूटन-मीटर! नट सैल राहिला तर चाक डुगडुगतं, जास्त आवळला तर हे असं. बिल दोन महिन्यांच्या मेसपेक्षा जास्त आलं. (स्प्लिट पिन मात्र नवीनच घातली होती. जुनी परत वापरू नका.)

सातपूरला महिंद्रात नोकरी सगळ्यांनाच हवी, पण टॉर्क रेंच हातात किती जणांनी धरलाय? आपल्या वर्कशॉपमधला कपाटात कुलूपबंद आहे. सर, शनिवारी दोन तास तरी तो बाहेर काढा. रजिस्टरवर सही मी करतो.