वाणसामानाची वही

परवा माळा आवरताना आईची २०२० सालची वाणसामानाची वही सापडली. तुम्ही तेव्हा लहान होतात. २४ मार्चला रात्री टाळेबंदीची घोषणा झाली आणि दुसऱ्याच दिवशी, ऐन गुढीपाडव्याला, सगळं बंद!

मार्चच्या पानावर रवा एक किलो. एप्रिलच्या पानावर पाच! घाबरून आणलेला. मे महिन्यात त्यात किडे झाले आणि तो चाळत बसायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

एप्रिलचा खर्च मार्चच्या दीडपट. बाबा म्हणाले, "अगं, हॉटेल बंद, भेळ बंद, मग पैसे वाचायला हवेत की!" आई म्हणाली, "चार माणसं चारी ठाव घरीच जेवताहेत. भेळवाल्याचे पैसे वाण्याकडे गेले, झालं!"

जूनपासून बाबांचा पगार निम्मा झाला. वहीत मात्र दर महिन्याला एक ओळ आहे : 'मावशी, पगार पूर्ण.' आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींना तेव्हा येता येत नव्हतं. एप्रिलपासून रेशनवर माणशी ५ किलो धान्य फुकट मिळू लागलं होतं खरं, पण फोडणीला तेल, मीठ, चहा-साखर? ते विकतच. त्यातून हातात पैसे थोडे, म्हणून तेल छटाक-छटाक घ्यायचं आणि तेच महाग पडायचं.

या ओळीवरून घरात एकदा कडाक्याचं भांडण झालेलं मला आठवतंय.

जुलैच्या पानावर बदाम खोडलेत, चहा अर्ध्यावर आणलाय. मावशींची ओळ तशीच आहे. शेजारी बाबांच्या अक्षरात लिहिलंय : 'आणि तेल १ लिटर.'