अर्जदारांची लोकशाही

परदेशातल्या मराठी मंडळांत एक नियम असतो. तो घटनेत लिहिलेला नसला तरी सगळीकडे पाळला जातो: मंडळात राजकारण नको. गणपतीला महाराष्ट्रातून एखादे मंत्री येतात, शाल-श्रीफळ होतं, सेल्फी होतात, जगात भारताची मान कशी उंचावली यावर अर्धा तास भाषण होतं. ते राजकारण नव्हे. त्याच मंत्र्यांना कुणी विचारलं, "साहेब, मुंबईला जवळजवळ चार वर्षं नगरसेवक का नव्हते?" की झालं राजकारण. हा नियम मी आज मोडणार आहे. संपादकांनी लोकशाहीवर लिहायला सांगितलंय आणि मी राहतो म्हैसूरच्या विजयनगरात. इथे राहून या विषयावर गोडगोड लिहिणं जमणार नाही.

हे हंपीचं विजयनगर नव्हे. म्हैसूरच्या नागरी विकास प्राधिकरणाने, म्हणजे इथल्या बोलण्यातल्या 'मुडा'ने, फर्स्ट स्टेजपासून फोर्थ स्टेजपर्यंत आखलेली ही सरळ रस्त्यांची वस्ती आहे. निवृत्त बँकवाले, प्राध्यापक, जवळच्या इन्फोसिसमध्ये जाणारी मुलं, सकाळी फिरायला निघालेले आजी-आजोबा. राजकारणाच्या बातमीत यावं असं इथे काही नाही. तरीही गेल्या काही वर्षांत विजयनगर दोनदा देशभर गाजलं.

पहिल्यांदा 13 डिसेंबर 2023 रोजी. लोकसभेच्या प्रेक्षक गॅलरीतून दोन तरुणांनी सभागृहात उड्या मारल्या आणि बुटात लपवून आणलेल्या नळकांड्यांतून पिवळा धूर सोडला. त्यांतला एक विजयनगरचा, इंजिनिअरिंग शिकलेला. त्याच वेळी संसदेबाहेर घोषणा देताना जे पकडले गेले, त्यांत एक आपल्या लातूर जिल्ह्यातला, मजुरी करणाऱ्या घरातला. सैन्यभरती आणि पोलीसभरतीच्या मागे धावताना त्याची उमेदीची वर्षं गेली, असं घरच्यांनी पत्रकारांना सांगितलं. बेरोजगारी आणि मणिपूरमधल्या हिंसाचाराकडे लक्ष वेधायचं होतं, असं चौकशीतून बाहेर आलं. ही मंडळी भगतसिंगांची भक्त.

उडी मूर्खपणाची होती, यात मला शंका नाही. 2001 मध्ये ज्या दिवशी संसदेवर हल्ला झाला आणि माणसं मेली, तोच दिवस त्यांनी निवडला. शिवाय 1929 ची नक्कलही चुकली. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी ज्या असेंब्लीत बाँब टाकला, तिचे मतदार मूठभर होते आणि तिच्या डोक्यावर व्हाइसरॉय बसला होता. सभागृहाने नाकारलेला कायदा तो स्वतःच्या अधिकारात लागू करू शकत होता. 2023 ची लोकसभा आपल्या मतांनी भरलेली होती. तिथे धूर सोडायचं कारण नव्हतं.

पण मग त्या भरलेल्या सभागृहाने पुढे काय केलं? विरोधकांनी गृहमंत्र्यांकडे निवेदन मागितलं. मागणी साधी होती: सुरक्षा कशी भेदली गेली, ते सभागृहात येऊन सांगा. निवेदन आलं नाही. आठवडाभरात दोन्ही सभागृहांतले मिळून 146 विरोधी खासदार निलंबित झाले. जवळजवळ रिकाम्या बाकांसमोर फौजदारी कायद्यांची तिन्ही विधेयकं मंजूर झाली. दूरसंचार विधेयक झालं. मुख्य निवडणूक आयुक्त निवडणाऱ्या समितीतून सरन्यायाधीशांना वगळणाऱ्या विधेयकावरही 21 डिसेंबरला लोकसभेने शिक्का मारला. म्हणजे पंच कोण नेमणार हे ठरत असताना निम्मा संघ मैदानाबाहेर. आणखी एक. लॉगिन-पासवर्ड दुसऱ्याला दिला म्हणून महुआ मोईत्रांची खासदारकी त्याच महिन्याच्या 8 तारखेला गेली होती. उडी मारणाऱ्यांच्या प्रवेशपासांची शिफारस म्हैसूरचे तेव्हाचे खासदार प्रताप सिंह यांच्या कार्यालयातून झाली होती. ते निलंबितही झाले नाहीत. मुलांवर मात्र दहशतवादविरोधी कायदा, यूएपीए, लागला. बाहेर घोषणा देणाऱ्या एका तरुणीला आणि आणखी एका आरोपीला दीड वर्षाने, जुलै 2025 मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने जामीन दिला. त्याची एक अट अशी की या घटनेबद्दल मुलाखत द्यायची नाही आणि समाजमाध्यमांवर लिहायचं नाही. धुराची चौकशी झाली, प्रश्नाची झाली नाही.

इथपर्यंत वाचून काही जण खूश झाले असतील आणि काही जण चिडले असतील. आता उलटं करतो.

विजयनगर दुसऱ्यांदा गाजलं ते 2024 मध्ये, 14 भूखंडांमुळे. कर्नाटकात भूखंडाला सरसकट 'साइट' म्हणतात. मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या पत्नीच्या नावावरची केसरे गावातली 3 एकर 16 गुंठे जमीन मुडाने वापरली आणि मोबदल्यात विजयनगरच्या थर्ड आणि फोर्थ स्टेजमध्ये 14 साइट दिल्या. वाटप 2021 चं, म्हणजे भाजपच्या राजवटीतलं. लाभार्थी मात्र काँग्रेसच्या नेत्याच्या घरातले. दोन्ही पक्ष एकमेकांकडे बोट दाखवत होते आणि दोन्ही बोटं बरोबर दिशेला होती. भाजप आणि धर्मनिरपेक्ष जनता दलाने बेंगळुरूहून म्हैसूरपर्यंत पदयात्रा काढली, राज्यपालांनी चौकशीला परवानगी दिली, उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ऑक्टोबर 2024 मध्ये साइट परत झाल्या. पुढे लोकायुक्त पोलिसांनी पुरावा अपुरा असल्याचं सांगितलं. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच प्रकरणातलं ईडीचं अपील फेटाळलं आणि राजकीय लढाया मतदारांपुढे लढा, त्यात तुमचा वापर कशाला होऊ देता, अशा अर्थाचं सुनावलं.

सल्ला उत्तम आहे. अडचण एवढीच की ज्या शहराच्या जमिनीचा हा वाद, त्या शहराच्या मतदाराला कित्येक वर्षांत महापालिकेची मतपेटीच दिसलेली नाही. म्हैसूर महापालिकेची निवडणूक झाली ऑगस्ट 2018 मध्ये. सभागृहाची मुदत संपली नोव्हेंबर 2023 मध्ये. 2025 साल सरलं तरी 65 वॉर्डांत एकही नगरसेवक नाही. कारभार प्रशासकाकडे. बेंगळुरूचं सभागृह सप्टेंबर 2020 मध्येच संपलं होतं. राज्यातल्या जिल्हा पंचायतींची शेवटची निवडणूक 2016 ची. 2021 मध्ये त्यांची मुदत संपली तेव्हा भाजपचं सरकार होतं. 2023 मध्ये काँग्रेस आली. संविधानाची प्रत हातात धरून देशभर सभा घेणाऱ्या या पक्षाने त्याच संविधानातलं 243-यू कलम उघडून पाहिलेलं दिसत नाही. तिथे स्वच्छ लिहिलंय: मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण करा. कारणं प्रत्येक सरकारकडे तयार असतात. वॉर्डरचना, आरक्षण, हद्दवाढ, 'ग्रेटर म्हैसूर'. महाराष्ट्रातही वेगळं काही घडलं नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. सर्वोच्च न्यायालयाने कान धरल्यावर मतदान झालं ते जानेवारी 2026 मध्ये. मधल्या काळात हजारो कोटींची कामं प्रशासकाच्या सहीने झाली. त्यांतलं एखादं काम चांगलंही असेल, पण प्रशासकाला मत देऊन घालवता येत नव्हतं.

आमच्या रस्त्यावर गटार तुंबलं की आम्ही काय करतो? अर्ज करतो. ॲपवर तक्रार नोंदवतो, क्रमांक येतो, चार दिवसांनी 'निराकरण झाले' असा संदेशही येतो. गटार आपलं तुंबलेलंच. या व्यवस्थेची म्हैसूरला जुनी सवय आहे. दिवाण रंगाचार्लूंनी ऑक्टोबर 1881 मध्ये इथे दसऱ्याच्या सुमारास प्रजा प्रतिनिधी सभा भरवली. हिंदी संस्थानांतली ही पहिली. 144 सदस्य होते. त्या काळासाठी ते मोठंच पाऊल होतं आणि म्हैसूरकर अजूनही अभिमानाने सांगतात. पण सदस्यांनी गाऱ्हाणी मांडायची, दिवाणांनी ऐकून घ्यायची, निर्णय सरकारचा, अशी ती सभा होती. अर्ज करण्याचा मान होता, जाब विचारण्याचा अधिकार नव्हता. आज आपला प्रवास तिकडेच चालला आहे, फक्त आता क्रमांक मोबाइलवर येतो.

ज्याला गटाराबद्दल जाब विचारता येत नाही, त्याला परराष्ट्र धोरणाबद्दल कोण विचारणार? गाझातल्या युद्धबंदीच्या ठरावाला भारताने डिसेंबर 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत पाठिंबा दिला. 12 जून 2025 रोजी तसाच ठराव आला, 149 देशांनी बाजूने मत दिलं, भारत तटस्थ राहिलेल्या 19 देशांत बसला. मधल्या सहा महिन्यांत काय बदललं, हे मतदाराला कुणी नीट सांगितलं नाही. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना माहीत असेल, तिथे औपचारिक तहाला सिनेटची दोन तृतीयांश संमती लागते. राष्ट्राध्यक्ष त्यालाही पळवाटा काढतात, ते सोडा. आपल्याकडे पळवाटेचीही गरज नाही. करार करण्याआधी संसदेला विचारण्याचं बंधन सरकारवर नाही.

आणि हे धोरण दूरचं नाही, ते त्या लातूरच्या मुलापर्यंत पोचतं. संसदेतल्या धुराला महिना होतो न होतो तोच, जानेवारी 2024 मध्ये, हरियाणात रोहतकला इस्रायलच्या बांधकामांसाठी मजूरभरती सुरू झाली. महिन्याला सुमारे 1 लाख 37 हजार रुपयांसाठी पदवीधर पोरंही रांगेत उभी राहिली. पॅलेस्टिनी कामगारांना दारं बंद झाल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागा होत्या त्या. त्याच वर्षी सप्टेंबरात ही भरती पुण्यात औंधच्या आयटीआयमध्ये आली. ज्या महाराष्ट्राने 1972 च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी केली, 1977 मध्ये तिचा कायदा केला आणि पुढे देशाला तिचा नमुना दिला, त्याच महाराष्ट्रातली पोरं आता युद्धाच्या प्रदेशात कामाला जाण्यासाठी कौशल्यचाचणी देतात. याला कुणी राजनैतिक यश म्हणत असेल तर म्हणो.

ह्यूस्टनची 2019 ची सभा तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. पन्नास हजारांची गर्दी, भारत आणि अमेरिकेच्या नेत्यांचे हातात हात. फेब्रुवारी 2025 मध्ये बेड्या घातलेल्या 104 हद्दपार भारतीयांना घेऊन अमेरिकी लष्करी विमान अमृतसरला उतरलं. त्यांत तिघे महाराष्ट्राचे होते. मैत्री व्यक्तींची असली की असं होतं. ती त्यांच्या सोयीने चालते आणि तिच्या अटी कुठल्याही सभागृहात तपासल्या जात नाहीत.

तुम्ही म्हणाल, निवडणुका तर होतात, 2024 मध्ये 64 कोटी लोकांनी मत दिलं. दिलं, आणि त्यांतलं एक माझंही होतं. भारतीय पासपोर्ट असलेल्या परदेशस्थांनाही 2011 पासून नाव नोंदवता येतं. 2024 च्या लोकसभेसाठी सुमारे 1 लाख 19 हजार जणांनी नोंदवलं, मत दिलं तीन हजारांहून कमी लोकांनी, कारण विमानाचं तिकीट काढून गावी यावं लागतं. पण माझी तक्रार पाच वर्षांतल्या त्या एका दिवसाबद्दल नाही, उरलेल्या दिवसांबद्दल आहे. तुमच्यातले कितीतरी जण एडिसनला किंवा आणखी कुठे टाऊनशिपच्या बैठकीला जातात, माइकसमोर उभं राहून महापौराच्या तोंडावर बजेटबद्दल बोलतात. परक्या देशात हा हक्क तुम्ही सहज वापरता आणि मायदेशाबद्दल मात्र 'तिथे लोकांना शिस्तच लागते' असं म्हणता. हे मला कधी पटलेलं नाही.

एका मित्राने विचारलं, "तुम्हा डाव्यांना सगळंच वाईट दिसतं. मग करायचं काय, उडी मारायची?" नाही. म्हैसूरने याचं उत्तर 1947 मध्ये दिलं होतं. देश स्वतंत्र झाला तरी संस्थानात जबाबदार सरकार येईना, तेव्हा सप्टेंबरात 'मैसूर चलो' सुरू झालं. विद्यार्थी, कामगार, वकील रस्त्यावर आले, तुरुंग भरले, आणि ऑक्टोबर संपायच्या आत के. सी. रेड्डींचं मंत्रिमंडळ स्थापन झालं. अर्ज करायचे त्यांनी थांबवले होते. आज विजयनगरची मागणी त्याच्या पासंगालाही पुरणार नाही इतकी लहान आहे: 65 वॉर्डांची निवडणूक, तारखेसकट, आणि ती पुढे ढकलणाऱ्याचं नाव लेखी.