भाद्रपदाचा दाखला आणि पडवीतले कुत्रे

पाळीव कुत्र्यांचा पहिला संयोग, ज्याला पाळणारे सरसकट ‘मेटिंग’ म्हणतात, घडवून आणताना मालकाने काहीही करू नये, जे करायचे ते निसर्गच करतो, असे एक मत सिंधुदुर्गात, विशेषतः मालवण-वेंगुर्ल्याच्या किनारपट्टीवर, हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. या मताचे पुरस्कर्ते स्वतःला जुने जाणकार म्हणवतात आणि त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की मादीला रक्तस्राव सुरू झाला की दिवस मोजावेत, नवव्या दिवशी नर आणून दोघांना खळ्यात सोडावे आणि आपण चहा घ्यायला बसावे. भाद्रपदात रस्त्यावरची कुत्री कोणाला विचारून जुगत नाहीत, तेव्हा लॅब्रेडोरलाच डॉक्टर कशाला. मादीला आयुष्यात एकदा तरी पिल्ले झालीच पाहिजेत, नाहीतर ती बिघडते. आणि दोघांपैकी कोणी अगदीच अडून बसले तर धरून काम उरकावे. निसर्गावर एवढी श्रद्धा असलेल्या मताला शेवटच्या कलमात चार माणसांचे हात का लागतात, हा प्रश्न त्याच्या पुरस्कर्त्यांना पडलेला दिसत नाही.

यांपैकी भाद्रपदाचा दाखला सर्वांत लोकप्रिय आहे, म्हणून तो आधी तपासला पाहिजे. निरीक्षण म्हणून तो खोटा नाही. मोकाट कुत्र्यांचा मुख्य हंगाम पावसाच्या उतरणीला सुरू होतो, गर्भकाळ साधारण दोन महिन्यांचा असतो आणि पिल्ले थंडीच्या तोंडावर दिसू लागतात; मराठीने तर या महिन्याचा आणि या प्राण्याचा संबंध शिवीपर्यंत नेऊन ठेवला आहे. परंतु या निरीक्षणातून जे सिद्ध करायचे असते ते सिद्ध होत नाही, कारण रस्त्यावर जे घडते त्यातला एकही घटक पडवीत साखळीने बांधलेल्या कुत्र्याच्या वाट्याला आलेला नसतो. मोकाट मादीमागे अनेक नर कित्येक दिवस फिरतात, ती काहींना जवळ येऊ देते, काहींना फोडून काढते, नको असेल तेव्हा निघून जाते, आणि ज्या नरांना जमत नाही ते बाजूला पडतात. त्या नापासांची नोंद भाद्रपद ठेवत नाही, म्हणून तो सगळ्यांना पास करतो असा समज होतो. शिवाय हे नर टोळीत वाढलेले असतात, जवळ कसे जावे, केव्हा मागे हटावे, गुरगुरणे खरे कोणते आणि खेळातले कोणते, हे ते पिल्लूपणापासून शिकलेले असतात.

घरातला नर याच्या अगदी उलट वाढतो. त्याला बहुधा डोळे उघडून काही आठवडे होतात न होतात तोच आईपासून तोडलेले असते, पुढची दोन वर्षे तो दुसरे कुत्रे फक्त गडग्यापलीकडे पाहतो, आणि उशीवर किंवा पाहुण्याच्या पायावर चढण्याचा प्रयत्न केला की दर वेळी त्याला दटावले जाते. ज्या वर्तनाबद्दल इतके दिवस बोलणी खाल्ली तेच वर्तन एका सकाळी अनोळखी अंगणात, अनोळखी मादीबरोबर, घरातल्या सर्व माणसांच्या आणि शेजारच्या मुलांच्या साक्षीने करून दाखवावे अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. तो मादीच्या तोंडाकडून चढतो, कुशीकडून चढतो, गुळगुळीत लादीवर त्याचे मागचे पाय घसरतात, मादी घाबरून बसकण मारते किंवा वळून दात लावते. अशा एका चाव्यानंतर पुढच्या वेळी मादीजवळ जाण्यासच नकार देणारे नर असतात. मादीही नवीन असेल तर दोघांपैकी एकालाही पुढची पायरी ठाऊक नसते. अनुभवी प्राणी नवख्याला सांभाळून घेतो. दोन नवखे एकमेकांना फक्त घाबरवतात.

निसर्गाच्या यशाचा हिशेबही एकदा मांडायला हवा. पश्चिम बंगालमधील मोकाट कुत्र्यांवरील एका अभ्यासात, जो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, ९५ विणींमधील ३६४ पिल्लांपैकी सुमारे १९ टक्केच पिल्ले प्रजननाच्या वयापर्यंत पोहोचली. त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यूंना माणूस या ना त्या प्रकारे कारणीभूत होता, हे येथे लपवण्याचे कारण नाही. उलट तोच मुद्दा आहे. कुत्रा हा माणसाच्या उष्ट्यावर, माणसाच्या वाहनांखाली आणि माणसाच्या मर्जीवर जगणारा प्राणी आहे, त्यामुळे त्याच्या बाबतीत माणूस वगळून उरणारा असा कोणताही निसर्ग दाखवता येत नाही, आणि ‘निसर्गावर सोडले’ या वाक्याचा व्यवहारातला अर्थ ‘मालकाने लक्ष दिले नाही’ एवढाच उरतो. पाचांपैकी चार पिल्ले गमावणारी पद्धत जाणकारांना आपल्या घरी मान्य असेल तर त्यांनी पिल्लाची किंमत आगाऊ घेऊ नये, एवढी तरी सचोटी दाखवावी. आणखी एक तपशील या दाखल्याला पुरतेपणी निकालात काढतो: घरातल्या बहुतेक माद्या साधारण सहा-सात महिन्यांनी, कोणत्याही मराठी महिन्यात माजावर येतात, म्हणजे ज्या पंचांगाचा आधार घेतला जातो ते त्यांना लागूच नाही.

येथे एका जुन्या वादाची आठवण होणे अपरिहार्य आहे. विदेशी जातींना कोकणाची दमट हवा मानवत नाही, सगळा घोळ तेथूनच सुरू होतो, देशी कुत्रा पाळला की असले प्रश्नच उरत नाहीत, असे याच गटातील काही जण सांगत आले आहेत, आणि पुरावा म्हणून मुधोळच्या शिकारी कुत्र्याचे नाव घेतात. मुधोळचा कुत्रा देशी आहे यात शंका नाही. पण घोरपड्यांच्या संस्थानात त्याची जोपासना झाली ती कोणता नर कोणत्या मादीला द्यायचा हे ठरवून, वेगवान आणि चिवट तेवढेच पुढे नेऊन. निसर्गाच्या बाजूने बोलावलेला हा साक्षीदार उलटतपासणीत नियोजनाच्या बाजूने बोलतो.

नवव्या दिवसाचा नियम मात्र गोठ्यातून आला असावा. गाय सकाळी माजावर दिसली की संध्याकाळपर्यंत कृत्रिम रेतन करून घ्यायचे, कारण तिचा माज पुरता एक दिवसही टिकत नाही, हे कोकणातल्या कोणत्याही शेतकऱ्याला पाठ असते आणि तेथे ही घाई योग्यच आहे. कुत्रीचा माज तासांत नव्हे, आठवड्यांत मोजतात. रक्तस्रावाचा काळ हा पूर्वमाज, म्हणजे तयारीचा काळ. तो सरासरी नऊ दिवसांचा असला तरी काहींत तीन दिवसांत संपतो आणि काहींत सतरापर्यंत लांबतो. त्यानंतर स्राव फिका होतो, मादी शेपूट एका बाजूला करून स्थिर उभी राहते आणि खरा माज सुरू होतो. अंडमोचन, म्हणजे अंडाशयातून बीजे बाहेर पडणे, याच्या आसपास होते. परंतु कुत्रीची बीजे बाहेर पडताना अपक्व असतात आणि फलनयोग्य व्हायला त्यांना आणखी दोन-तीन दिवस लागतात. नराचे शुक्रजंतू मादीच्या शरीरात पाच-सहा दिवस टिकू शकतात म्हणून नवव्या दिवसाचे नेम अधूनमधून लागतात, आणि जे लागतात तेवढेच जाणकारांच्या लक्षात राहतात.

एकदा तरी पिल्ले झालीच पाहिजेत, या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू साठण्याचा जीवघेणा आजार, व्यालेल्या माद्यांनाही होतो, आणि पिल्ले झालेली मादी शांत दिसते ती बहुधा थकलेली असते. बळजबरीबद्दल एवढेच म्हणता येईल, की उभी न राहणारी मादी एकतर अजून तयार नसते किंवा तिच्या योनिमार्गात आखूड पट्ट्यासारखा अडथळा असतो, आणि दोन्ही परिस्थितींत धरून ठेवल्याने इजाच होते. संयोगानंतर दोघे अडकून राहतात, कारण नराच्या इंद्रियाच्या मुळाशी असलेली गाठ फुगते आणि मादीचे स्नायू तिला आवळतात. पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, कधी त्याहूनही अधिक वेळ, पाठीला पाठ लावून उभे राहणे हे या प्राण्यात स्वाभाविक असते. पहिल्यांदा पाहणारा मालक येथे घाबरतो, आणि निसर्गवादी जाणकार नेमके याच क्षणी बादलीभर पाणी ओतायला सांगतात.

मग करायचे काय, याचे उत्तर पुष्कळ साधे आहे. मादी किमान १८ महिन्यांची असावी. कुत्र्यांच्या प्रजनन व विक्रीसंबंधीचे २०१७ चे केंद्रीय नियमही हेच वय सांगतात, आठ वर्षांनंतर आणि आयुष्यात पाचाहून अधिक वेळा पिल्ले घेऊ देत नाहीत, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकण्यास मनाई करतात आणि या व्यवसायासाठी नोंदणी मागतात. संयोगापूर्वी दोघांचीही ब्रुसेलासाठी रक्ततपासणी करावी, कारण या जिवाणूमुळे गर्भ उशिरा पडतात, औषधांनी तो खात्रीने जात नाही आणि माणसालाही तो होऊ शकतो. जननेंद्रियांवर टीव्हीटी, म्हणजे संयोगातून पसरणारी मांसल गाठ, नाही हेही पाहून घ्यावे. दिवस ठरवण्यासाठी योनीतील पेशींची काचपट्टीवर तपासणी किंवा रक्तातील प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची चाचणी करता येते. त्याचे प्रमाण मिलिलिटरमागे पाच नॅनोग्रॅमच्या आसपास गेले की अंडमोचन झाले असे समजून पुढचे दोन ते चार दिवस धरावेत. जोडीतला निदान एक प्राणी अनुभवी असावा, मादीला नराच्या घरी न्यावे, लादीवर गोणपाट अंथरावे, वेळ सकाळची थंड असावी, आधी खायला घालू नये, आणि प्रेक्षक व मोबाइल दोन्ही पडवीबाहेर ठेवावेत. पंधरा-वीस मिनिटांत जमले नाही तर दोघांना वेगळे करून विश्रांती द्यावी. जमले तर ४८ तासांनी पुन्हा एकदा एकत्र आणावे.

महिन्याची निवड शक्य असेल तर भाद्रपद-आश्विन खरोखरच चांगले, कारण पिल्ले कार्तिक-मार्गशीर्षात, पाऊस ओसरल्यावर येतात. वैशाखातल्या संयोगाची पिल्ले आषाढात जन्मतात, तेव्हा कोकणातल्या ओल्या भिंतींत त्यांना ऊब देणे कठीण जाते आणि उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोचे भयही असते. चार आठवड्यांनी सोनोग्राफी करावी. गाभणपणात स्वतःच्या मनाने कॅल्शियमच्या गोळ्या देऊ नयेत, कारण त्यामुळे शरीराची हाडांतून कॅल्शियम काढण्याची सवय मोडते आणि दूध सुरू झाल्यावर रक्तातील त्याचे प्रमाण एकाएकी घसरून मादीला झटके येण्याचा धोका वाढतो. अंडमोचनापासून ६३ व्या दिवसाच्या मागेपुढे मादीचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की साधारण २४ तासांत ती विते. जोरदार कळा अर्धा तास चालू राहून पिल्लू आले नाही तर शस्त्रक्रिया लागू शकते, आणि ती वेळ रात्री दोनची असू शकते. मालवणहून गोव्याकडे जायचे की फोंडाघाट चढून कोल्हापूरला, कोणता पशुवैद्य त्या वेळी दार उघडणार आणि खर्च किती येणार, हे नर पाहायला जाण्यापूर्वी ठरलेले असावे, आणि ते ठरत नसेल तर त्या मालकाने संयोगाची तारीख काढण्याऐवजी मादीच्या नसबंदीची तारीख काढावी.