मोठ्या जातीचं पिल्लू कच्च्या मांसावर वाढवू नका!

ग्रेट डेन, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड, जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर यांपैकी कुणाचं पिल्लू तुमच्या घरात असेल आणि त्याच्या भांड्यात रोज कच्चं चिकन-मटणच पडत असेल, तर हे आवाहन तुम्हालाच आहे. पुढच्या महिन्यावर ढकलू नका. या पिल्लांची वाढ वर्ष-दीड वर्ष चालते, पण हाडांचं नुकसान बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांतच होऊन बसतं.

‘कुत्रा मूळचा लांडगाच, त्याला कच्चंच मानवतं’ हे ब्रीडरकडून पिल्लाबरोबर फुकट मिळणारं ज्ञान. लांडगा शिकार हाडं-काळजासकट फस्त करतो. आपण आणतो ते बोनलेस, नाहीतर खाटकाकडचं छाटण. शिवाय लांडग्याचं पिल्लू वर्षभरात पन्नास-साठ किलोचं होत नाही. ग्रेट डेनचं होतं.

नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं असतं, दोहोंत पंधरा-वीस पटींचा फरक. वाढत्या पिल्लाला मात्र कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं. ते अन्नातून मिळालं नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. हाडं पातळ होतात, पुढचे पाय बाहेर फाकतात, पंजे सपाट पडतात आणि सोफ्यावरून मारलेल्या साध्या उडीनेही पाय मोडू शकतो. वरून पिल्लू गुबगुबीत, केस चकचकीत. त्यामुळे घरात कुणाला शंकाही येत नाही. उन्हात बसवूनही भागत नाही, कारण कुत्र्याच्या कातडीत ड जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही.

हे वाचून कॅल्शियमच्या सिरपची बाटली आणायला निघाला असाल, तर थांबा. खरा धोका इथेच आहे. सहा महिन्यांखालच्या पिल्लाच्या आतड्यांना जादा कॅल्शियम पुरेसं अडवता येत नाही. ते बरंचसं शरीरात मुरतं आणि मोठ्या जातींत सांधे, कूर्चा, हाडांची ठेवण बिघडवतं. म्हणूनच ज्या जाती मोठेपणी ३२ किलोंच्या पुढे जातात, त्यांच्या पिल्लांच्या खाद्यात कोरड्या वजनाच्या १.८ टक्क्यांहून जास्त कॅल्शियम नको, असं अमेरिकेतल्या ‘आफ्को’ या पशुखाद्य-नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेचं मानक सांगतं. कॅल्शियमसाठी हाडांसकट कोंबडीचे पाय, माना, पाठी अंदाजाने दिल्या तर हे गणित रोज वेगळं होतं. तराजू आणि पशुआहारतज्ज्ञ, दोन्ही हाताशी नसतील तर हा प्रयोग करू नका.

जंतूंचं थोडक्यात सांगतो. कच्च्या चिकनमधले साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर फ्रीजरमध्ये खात्रीने मरत नाहीत. पिल्लू ते चाटतं, मग तुमच्या रांगत्या बाळाचं तोंड चाटतं. शेळी-मेंढीची कच्ची कलेजी, फुप्फुसं तर देऊच नका. त्यांतून कुत्र्याच्या पोटात जाणाऱ्या फीतकृमीची अंडी त्याच्या विष्ठेतून माणसात आली, तर यकृतात पाण्याच्या गाठी होतात.

मांस द्यायचं तर शिजवून, हाडं काढून द्या. शिजलेलं हाड कधीच नको, त्याच्या कपच्या होतात. पण मुख्य जेवण मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेलं संतुलित खाद्यच असू द्या. त्यावर वेगळं कॅल्शियम नको. नवं खाद्य आठवडाभरात हळूहळू वाढवा. अंगावर चरबी चढवू नका. फासळ्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. शेजारचे काका ‘उपाशी ठेवता का?’ म्हणतील, म्हणू द्या.

पिल्लू लंगडत असेल, उठताना कुंईकुंई करत असेल, तर पशुवैद्यांकडे आजच जा आणि एक्स-रेबद्दल विचारा. घरातली दुखण्यावरची गोळी देऊ नका. माणसाची आयबुप्रोफेन कुत्र्याला विषासारखी बाधते. निघण्यापूर्वी त्याला अंगणात सरळ चालवून मागून-पुढून मोबाइलवर व्हिडिओ काढा. दवाखान्यात घाबरलेलं पिल्लू पुष्कळदा लंगडायचं विसरतं. सोबत आठवड्याचं खाणं ग्रॅमसकट लिहून न्या, कॅल्शियमचं सिरप देत आला असाल तर त्याची बाटलीही न्या.