वाशी नव्हे, वाशिम!

सप्टेंबर उजाडला की आमच्या फ्लोअरवरच्या अर्ध्या जनतेच्या गळ्यात कॅमेरे लटकायला लागतात. उरलेल्या अर्ध्यांचे खिशात असतातच. कारण एकच... ‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’. जुन्या वास्तूंचे फोटो काढा आणि स्पर्धेत टाका, असा साधा सरळ फंडा. मग शनिवारवाडा, सिंहगड, पाताळेश्वर अशी वाटणी होते. यंदा मी सांगून टाकलं, मी वाशिमचे फोटो टाकणार. दोन सेकंद शांतता. मग शेजारच्या क्युबिकलमधून प्रश्न आला, “वाशीत कसलं मॉन्युमेंट? तिथे तर मॉल आहेत ना!”

तर मंडळी, वाशी नव्हे, वाशिम. विदर्भातला जिल्हा. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. माझी आत्या तिथे राहते, त्यामुळे राहण्या-जेवण्याची चिंता नाही आणि परतताना डब्याचीही गॅरंटी.

स्पर्धेची कुंडली आधी सांगतो. २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये विकिपीडियाच्या मंडळींनी ती सुरू केली. पुढच्याच वर्षी ती युरोपभर पसरली, १ लाख ६८ हजारांच्या वर फोटो जमले आणि थेट गिनेस बुकात एण्ट्री! भारत २०१२ मध्ये उतरला, आणि उतरला तो असा की त्या वर्षी दिल्लीतल्या सफदरजंगच्या मकबऱ्याचा फोटो जगात पहिला आला. २०१७ चा जगातला पहिला नंबर तर पुणे जिल्ह्यातल्या खंडोबाच्या देवळातल्या पुजाऱ्याचा फोटो होता. स्पर्धा वास्तूंची, आणि जिंकला वास्तूतला माणूस. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वाशिमच का? तर या गावाचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याच्या १६ नंबरच्या लेण्यासमोर उभं राहून आपण सगळ्यांनीच सेल्फी काढलाय. ते लेणं कोणी कोरवलं? वराहदेवाने. हा वराहदेव कोणाचा मंत्री? हरिषेणाचा. आणि हरिषेण कुठला? वत्सगुल्म शाखेचा! पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. म्हणजे ज्या लेण्यांसाठी जपानहून माणसं येतात, त्यांचा आश्रयदाता राजवंश आत्याच्या गावचा. कामसूत्रातही वत्सगुल्मचा उल्लेख आहे. कोणत्या संदर्भात, ते तुम्ही शोधा, हे फॅमिली मॅगझिन आहे. राजशेखराने तर काव्यपुरुषाचं साहित्यविद्येशी लग्न याच गावात लावून दिलंय. इतकं ग्लॅमर!

आणि गावात उतरून बघावं तर वाकाटकांचा म्हणून दाखवायला एक वाडा नाही, महाल नाही. १९३९ मध्ये इथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला, अर्धा संस्कृतात, अर्धा प्राकृतात. म्हणजे सगळा थाट शेवटी तांब्याच्या पत्र्यांवर उरलाय. कॅमेरा घेऊन गेलेल्या माणसाची यात सॉल्लिड पंचाईत होते. शहरातली सर्वात मोठी गोष्ट लेन्ससमोर येतच नाही. लेन्सला फक्त उरलेलं दिसतं.

आत्याचा पहिला प्रश्न ठरलेला होता. “इतक्या दुरून काय दगडायचे फोटो काढाले आला का रे?” मी म्हटलं, हो. “मंग बालाजीले जाय सकाळी. दर्शनही होईन.”

गेलो. बालाजी मंदिर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. नागपूरकर भोसल्यांपैकी साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी बांधलेलं. मूर्ती जमिनीत पुरून ठेवलेली होती, नंतर सापडली, असं सांगतात. इथे माझा एक नियम. गाभाऱ्यात मी कॅमेरा बाहेर काढत नाही. कोणी अडवो न अडवो. हात जोडायची जागा आणि फोटोची जागा वेगळी, एवढं साधं. शिवाय फोटोग्राफीच्या हिशेबानेही गाभारा म्हणजे नसती आफत. काळी मूर्ती, वर पिवळा बल्ब, मागे स्टीलचा कठडा. त्यापेक्षा बाहेर थांबा. सकाळी सातच्या तिरक्या उन्हात दगडाचा पोत असा काही उठून येतो की विचारू नका. दहानंतर तोच दगड सपाट, जणू सनमायकाच लावलाय.

बाहेर मला हवा तो फोटो मिळाला. पायरीवर बसून फुलांच्या परड्या लावणारी एक म्हातारी आजी, मागे खांब. मी परवानगी मागितली तर ती म्हणाली, “आधी डोक्यावरचा पदर तं नीट करू दे.” एवढा वेळ थांबलो. पदर नीट झाला, फोटो झाला, हार विकत घेतला. आमच्यातले काही वीर अशा वेळी ‘क्लीन फ्रेम’च्या नावाखाली आजीला बाजूला व्हायला सांगतात! त्या आजीशिवाय ते देऊळ म्हणजे बिल्डरच्या ब्रोशरमधलं थ्रीडी चित्र.

दुसऱ्या दिवशी शिरपूर. मालेगाव तालुक्यातलं हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथासाठी जैन समाजात देशभर ठाऊक आहे. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी श्रद्धा. पूर्वी खालून घोडेस्वार जायचा, अशी आख्यायिका. दिगंबर आणि श्वेतांबर यांच्यातल्या वादात हे मंदिर १९८१ पासून कुलूपबंद होतं. झरोक्यातून काय दिसेल तेवढंच दर्शन. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्चमध्ये दार उघडलं. तब्बल ४२ वर्षं! आत्या लग्न होऊन आली तेव्हा दाराला कुलूप होतं, आणि उघडलं तेव्हा तिची नात कॉलेजात होती.

इथेही आतला फोटो नाहीच. पण गावात पवळी मंदिर आहे, जुनं, दगडी, कोरीव. तिथे मी दोन तास काढले. हेन्री कझिन्स नावाच्या इंग्रज पुरातत्त्ववाल्याने वऱ्हाड आणि मध्य प्रांतातल्या जुन्या वास्तूंची यादी १८९७ मध्ये छापली. दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचं त्याचं पुस्तक आलं १९३१ मध्ये. त्या काळात काचेच्या प्लेटा, जड कॅमेरा आणि बैलगाडी घेऊन ही माणसं हिंडली. आज एखादी पट्टी झिजली, एखादा चेहरा गेला, तर मूळ काय होतं हे पाहायला असे जुने फोटो लागतात. आपल्या खिशातला मोबाइल त्याहून शंभरपट हलका आहे. एक शॉट कलात्मक घ्या, पण त्यानंतर चारही बाजूंचे चार बोअरिंग, सरळ, स्पष्ट फोटो घ्याच. बक्षीस पहिल्याला मिळेल. पन्नास वर्षांनी कामाला येतील ते उरलेले चार.

पुतळ्यांचं तंत्र आणखी वेगळं. पुतळा काळसर ब्राँझचा, मागे विदर्भाचं पांढरंफटक आकाश. मोबाइल बिचारा आकाश सांभाळायला जातो आणि महापुरुषाच्या चेहऱ्याचा कोळसा होतो. उपाय सोपा. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवा आणि एक्स्पोजर वर सरकवा. आकाश पांढरं झालं तर होऊ द्या. पुतळ्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते आदल्या दिवशी बघून या. पूर्वेला असेल तर सकाळ, पश्चिमेला असेल तर संध्याकाळ. चौथऱ्याला अगदी चिकटून खालून फोटो काढू नका, नाहीतर बूट मोठे आणि डोकं लिंबाएवढं येतं. आणि चौथऱ्यावर चढून, पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकल्यासारखे पोज... कृपा करा. आपल्याकडे पुतळा ही गंमत नसते. कोणासाठी तरी तो घरातल्या माणसासारखा असतो.

हे नीट कळतं ते पोहरादेवीला. मानोरा तालुक्यातलं हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. इथे संत सेवालाल महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे आणि जवळच नगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय, ५ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेलं. ‘हे कसलं मॉन्युमेंट, कालचं तर आहे,’ असं म्हणणारे भेटतात. मला नाही पटत. वाकाटकांनी ताम्रपट केला तेव्हा तोही नवाच होता की! पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून फिरलेल्या, तांड्यात राहिलेल्या समाजाने आपली पक्की खूण म्हणून नगारा निवडला, याहून जास्त सांगणारी इमारत या जिल्ह्यात मला दिसली नाही. फोटो मात्र अवघड. आकार गोल आणि मोठा, त्यामुळे समोर माणूस असल्याशिवाय आकारमान कळत नाही. मी घोळक्याने आलेल्या बायकांची वाट पाहिली. आरशांची काचोळी, हातात बांगड्या आणि मागे तो नगारा. झालं काम.

कारंजा लाडला मी सर्वात जास्त रमलो. नरसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून लोक गुरुमंदिरात येतात आणि परस्पर परत जातात. पण गावाला जुन्या वेशी आहेत. दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस. कुठल्या वेशीतून कुठे निघायचं ते नावातच सांगितलंय, साइनबोर्डची गरजच नाही. वेशीसमोर उभं राहिलात की व्ह्यूफाइंडरमध्ये काय दिसतं? केबलच्या वायरी, वाढदिवसाचा फ्लेक्स, दुचाक्या आणि कमानीखालून जाणारा ऑटो. पहिल्यांदा वाटलं, पहाटे पाचला यावं. मग वाटलं, कशाला? वेस म्हणजे ये-जा करायची जागा. मी शटर थोडं मंद केलं, ऑटोची नुसती पिवळी रेघ आली आणि दगड तेवढा स्थिर राहिला. वायरी मी सॉफ्टवेअरने पुसल्या नाहीत. त्या आहेत.

आता जरा कंटाळवाणं, पण कामाचं. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचा फोटो काढायला आणि छापायला मुभा आहे. वास्तूचंही तसंच. काढलेल्या फोटोचे हक्क मूळचे तुमचेच. विकीच्या स्पर्धेत फोटो मुक्त परवान्याखाली जातो, म्हणजे तुमचं नाव देऊन कोणीही वापरू शकतो, धंद्यासाठीसुद्धा. हे मान्य असेल तरच टाका. मला ते मान्य आहे, कारण शिरपूरचा फोटो शोधणाऱ्याला तो फुकट मिळावा असंच वाटतं. पण गावोगावी कंपन्यांच्या ज्या ‘हेरिटेज कॉन्टेस्ट’ निघतात त्यांचे बारीक अक्षरातले नियम वाचा. ‘सर्व प्रवेशिकांचे हक्क आयोजकांकडे’ असं असेल तर एका कॉफी मगच्या बदल्यात ते तुमचे फोटो कॅलेंडरवर छापतील. हक्क द्यायचे तर कायद्याने लेखी करार लागतो, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. केंद्रीय पुरातत्त्व खात्याने २०१८ मध्ये फोटोबंदी बरीच सैल केली, पण ट्रायपॉड काढण्याआधी चौकीदाराला विचारा. तो हसून नाही म्हणतो, पण पुष्कळदा चांगली जागा दाखवतो.

जायचं कसं? रेल्वेने अकोल्याला उतरा, तिथून पूर्णा लाइनवर वाशिम स्टेशन लागतं. गाडी असेल तर समृद्धी महामार्ग जिल्ह्यातूनच जातो. थंडी सुरू झाली की जा. हवा स्वच्छ आणि तुरीची शेतं पिवळी असतात. आणि फोटो अपलोड करताना गाव, तालुका, जिल्हा, तारीख सगळं लिहा. नुसतं ‘इंडियन टेम्पल’ लिहिलेल्या फोटोचा कोणालाही काही उपयोग नाही. फक्त इंग्रजीत ‘वाशिम’ टाइप केल्यावर एकदा तपासून घ्या. माझ्या फोनने पहिल्या तीन फोटोंखाली ते ‘वॉशिंग’ करून ठेवलं होतं.